आठच चिरे

भाचा बोटीवर आहे. रॉटरडॅमहून त्यानं ट्रक आणला,
खोक्यात सुटे भाग, एकास चौदा.
पाटे मात्र अस्सल पोलादी,
पुढे तीन-तीन, मागे पाच-पाच, करंगळीएवढे.
त्यांची कमान बघून मला
आधी हसू आलं, मग कंबर दुखली.

जामसंडेच्या सड्यावर पहिल्यांदा सोडला
तर टोळासारखा उडत सुटला.
कातळाच्या दर खळग्याला एक चाक अधांतरी.
पाटा वाकेना, दबेना,
नुसता ताठ, नव्या मुकादमासारखा.
गडग्यावर बसलेला तबरेज, युसूफ मिस्त्रीचा नातू,
म्हणाला, "आजा, ह्येका हीव भरला."

रात्री लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
लांबी चौदावा हिस्सा.
वजन मात्र चौदा गुणिले चौदा गुणिले चौदा,
दोन हजार सातशे चव्वेचाळिसावा हिस्सा.
म्हणजे रूप हुबेहूब उतरलं,
भार वाटेत कुठेतरी गळाला.
खऱ्यासारखं चालायचं
तर खऱ्याहून कमी पाटे हवेत.

पेन्सिल ठेवून गप्प बसलो.
सव्वीस वर्षं चिरे वाहिले,
खाणीवरून कोल्हापूर, करूळच्या घाटातून.
दर मोसमात मालक म्हणायचा, "आणखी पन्नास बसतील,"
आणि दर मोसमात नांदगाव तिठ्यावर युसूफ मिस्त्री
आणखी एक पाटा चढवायचा.
हातोडीनं ठोकून कान लावायचा.
"मेन पाटो बोलता हां. पुढच्या खेपेक रडतलो."
रडला. घाटात, रात्री दोनला, अर्ध्या वळणावर.
साडेसातशे चिरे मी आणि किन्नरानं उतरवले,
जॅक लावला, पुन्हा भरले.
कमरेचा पट्टा तेव्हापासूनचा.

वाढवायचं ते येत होतं.
काढायचं कसं, कुणी शिकवलंच नव्हतं.

चिमट्यानं यू-बोल्ट सोडले.
मागचा एकेक पाटा काढला, सड्यावर नेला.
हीव उतरलं थोडं. अजून एकेक काढला.
उरलेल्यांच्या मधे कोकमाचं तेल चोळलं,
टाचांना लावतो तेच.
दुपारी ट्रक डुलत चालला, आम्ही खूश.
सकाळी थंडीत तेल थिजलं आणि पुन्हा मुकादम.
पुसलं सगळं. तबरेजच्या कंपासमधली
शिसपेन्सिल पाट्यांवर घासली,
पाट्यावरून पाटा न कुरकुरता सरकेपर्यंत.
मग शॅकलचा नट, अर्धा आटा मागे.
तो अर्धा आटा सापडायला तीन दिवस गेले.
बायको म्हणाली, "ह्या वयात गाडयेवांगडा खेळतंस?"
आणि चहा तिथंच, स्क्रूंच्या बशीशेजारी ठेवून गेली.

राहिला माल.
हॅक्सॉनं चिऱ्याचे तुकडे पाडले, चौदावा हिस्सा,
लाल पूड नखांत तशीच बसली, जुन्या ओळखीनं.
चार ठेवले. कमान ढिम्म.
सहा ठेवले, ऐकायला लागली.
आठ ठेवल्यावर सपाट होता होता थांबली,
कोयतीच्या पाठीएवढा बाक राखून.
"बारा ठेवया," तबरेज म्हणाला, "जागा आसा."
जागा होती.
मी हौद्याकडे बघत राहिलो.
"आठच," म्हटलं.

सुकल्या गवतातून निघाला, सावकाश, भरल्या गाडीसारखा.
मागचं डावं चाक खळग्यात उतरलं,
उजवं काठावरच राहिलं,
मधल्यामधे पाटा दबला, परत आला,
एक चिरा हलला नाही.
तबरेज ओरडला. मला ओरडता आलं नाही.

मग ऐन सड्याच्या मध्यावर बॅटरी संपली.
तो धावत सुटणार तर त्याला थांबवलं. मी जातो.
गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून,
डॉक्टरनं सांगितलं तसं,
मालासकट उचलला.
चाकं खाली लोंबली. पाट्यांनी टिक केलं.
खिशात मिश्रीच्या डबीत
काढलेले चार,
घरापर्यंत वाजत आले.